सिटीच्या निधीतून बिहेवियरल हेल्थ सेंटरचं नूतनीकरण: कामांचा क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

"ताई, कौन्सिलने आमच्या सेंटरला पैसे मंजूर केले! कॉन्ट्रॅक्टर सोमवारपासून आतल्या भिंती पाडायला घेतोय. आता कुठले कागद करायचे?"

असा फोन आला की माझ्या पोटात गोळा येतो. माझं उत्तर ठरलेलं असतं: सोमवारी कॉन्ट्रॅक्टरला येऊ देऊ नका (का, ते पाचव्या टप्प्यात सांगते). कागदांचं नंतर बोलू.

अमेरिकेत स्थिरावलेली आपली बरीच मंडळी आता गावातल्या नॉनप्रॉफिट संस्थांच्या बोर्डावर आहेत. हिशेब चोख ठेवतात, एक्सेल येतं, म्हणून खजिनदारपद किंवा बिल्डिंग कमिटी त्यांच्या गळ्यात पडते. संस्था समुपदेशन, व्यसनमुक्ती आणि मानसोपचाराची असते, इमारत जुनी असते, आणि कोणीतरी सुचवतं की सिटीकडे निधी मागूया. मी हे काम दोनदा केलं आहे. पहिल्यांदा चुकले, दुसऱ्यांदा पार पडलं. दोन्ही वेळा कामं जवळपास तीच होती, फरक होता क्रमाचा. म्हणून हा लेख क्रमाबद्दल आहे.

सुरुवातीलाच एक प्रश्न विचारून घ्या: हा पैसा नेमका कुठल्या खात्यातला? सिटीचा स्वतःचा जनरल फंड असू शकतो, ओपिऑइड खटल्यांच्या तडजोडीतून आलेली रक्कम असू शकते. पण इमारतीच्या कामासाठी बहुतेक वेळा तो कम्युनिटी डेव्हलपमेंट ब्लॉक ग्रँट, म्हणजे सीडीबीजी असतो. चेक सिटी देते, पैसा मात्र फेडरल सरकारच्या हड या गृहनिर्माण आणि नगरविकास खात्याचा असतो आणि नियमही त्यांचेच. पुढे जे सांगते आहे ते सीडीबीजी गृहीत धरून. बांधकामात इतर देणग्या कितीही असल्या आणि सीडीबीजीचा वाटा छोटा असला, तरी हे नियम त्या सगळ्या बांधकामाला लागतात. "त्यांच्या पैशातून फक्त छप्पर करू, बाकी आपल्या पद्धतीने" अशी वाटणी करता येत नाही.

टप्पा १: अर्जाच्या सहा महिने आधीची तयारी

इमारत कोणाची, इथून सुरुवात करा. संस्थेची असेल तर डीड, म्हणजे मालकीचा दस्त, काढून ठेवा आणि इमारतीवर कोणाचं कर्ज किंवा लीन, म्हणजे थकबाकीपोटीचा हक्क, आहे ते बघा. भाड्याची असेल तर घरमालकाची लेखी संमती लागेलच, शिवाय लीजची मुदत निधीच्या अटींपेक्षा जास्त पुरली पाहिजे. २५,००० डॉलरपेक्षा जास्त सीडीबीजी खर्चून सुधारलेली जागा, सिटीबरोबरचा करार संपल्यावरही निदान पाच वर्षं त्याच प्रकारच्या कामासाठी वापरावी लागते. सिटीला वाटलं तर ती याहून जास्त वर्षं मागू शकते. तीन वर्षांचं लीज हातात घेऊन अर्ज केला, तर पहिल्याच छाननीत घोडं अडतं.

मग संस्थेची ओळखपत्रं. आयआरएस या कर खात्याचं करमाफीचं ५०१(सी)(३) पत्र, अलीकडच्या वर्षांचे फॉर्म ९९० (संस्थेची वार्षिक विवरणपत्रं), ऑडिट, बोर्डाचा ठराव, आणि हितसंबंधांबाबतचं व खरेदीबाबतचं लेखी धोरण. सॅम डॉट गव्ह या फेडरल सरकारच्या साइटवरून यूईआय हा संस्थेच्या ओळखीचा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक घ्यावा लागतो. तो फुकट मिळतो, पण तिथे संस्थेचं नाव आणि पत्ता कायदेशीर कागदांवर आहे तसाच्या तसा जुळला पाहिजे. आमच्या एका कागदावर नावापुढे "इन्कॉर्पोरेटेड" पूर्ण लिहिलं होतं, दुसऱ्यावर "इंक" होतं आणि पत्ता जुन्या ऑफिसचा होता. तेवढ्यासाठी कित्येक आठवडे इकडून तिकडे कागद पाठवत बसलो.

आर्किटेक्ट याच वेळी नेमा. पाचव्या टप्प्यात जी बंदी येते ती आराखडे आणि अंदाजपत्रक करून घेण्यावर नाही, प्रत्यक्ष कामावर आणि कामाच्या करारावर आहे. पण त्याची फी निधीतून परत मागायची असेल, तर त्याची निवडही नियमानुसार झालेली हवी. नेमण्याआधी सिटीला विचारा. ॲस्बेस्टॉसचं सर्वेक्षण आत्ताच करून घ्या. नूतनीकरणापूर्वी ते करावंच लागतं, आणि जुन्या फरशीखाली किंवा पाइपभोवती ते निघालं तर अंदाजपत्रकच बदलतं.

राज्याच्या लायसन्सिंग विभागाशीही बोलून घ्या. सेंटरचं लायसन्स बहुधा त्या पत्त्याला आणि त्या नकाशाला धरून असतं. खोल्या बदलल्या, किंवा काम चालू असताना सेवा दुसरीकडे हलवली, तर आधी परवानगी लागते का, हे लेखी विचारा.

तपासा: डीड किंवा लीज, यूईआय, बोर्डाचा ठराव, ॲस्बेस्टॉसचा अहवाल, लायसन्सिंगचं उत्तर. पाचही हातात आल्याशिवाय अर्ज उघडू नका.

टप्पा २: फायदा कोणाला होतो हे सिद्ध करणं

सगळ्यात जास्त अर्ज इथे लंगडे पडतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

सीडीबीजीचा पैसा प्रामुख्याने कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या लोकांसाठी असतो, म्हणजे त्या भागाच्या मध्यक (मीडियन) उत्पन्नाच्या ८० टक्क्यांपर्यंत ज्यांचं उत्पन्न आहे ते. समुपदेशन सेंटरसारख्या ठिकाणी हे बहुधा "लिमिटेड क्लायंटेल" या मार्गाने दाखवतात: तुमच्याकडे येणाऱ्यांपैकी निदान ५१ टक्के लोक या उत्पन्नगटातले हवेत.

काही गटांचं उत्पन्न दाखवावं लागत नाही, ते पात्र मानलेलेच असतात. वृद्ध, बेघर, घरगुती हिंसाचार सोसलेल्या व्यक्ती, अत्याचारग्रस्त मुलं, एड्ससह जगणारे, निरक्षर प्रौढ, स्थलांतरित शेतमजूर आणि सेन्ससच्या व्याख्येत बसणारे तीव्र अपंगत्वाचे प्रौढ. इथे नेहमीची चूक होते. बोर्डावर कोणीतरी म्हणतं, "आपल्याकडे येणारे सगळेच मानसिक आजाराचे, म्हणजे डिसएबल्ड, म्हणजे सगळे आपोआप पात्र." तसं नाही. ती व्याख्या प्रौढांसाठी आहे आणि "तीव्र" हा शब्द तिथे मुद्दाम आहे. चिंतारोगासाठी महिन्यातून दोनदा येणारी, पूर्णवेळ नोकरी करणारी व्यक्ती त्यात बसेलच असं नाही. शाळेने पाठवलेला पंधरा वर्षांचा मुलगा तर प्रौढच नाही. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल कोर्टाने पाठवलेला माणूसही केवळ तेवढ्यावर बसत नाही. दीर्घकाळ गंभीर आजार असलेल्या प्रौढांसाठीच तुमचं सेंटर असेल, तर हा मार्ग सिटीशी बोलून बघा. मिश्र गर्दी असेल तर सरळ उत्पन्नाचा मार्ग धरा.

उत्पन्न एकट्या पेशंटचं धरायचं नाही, कुटुंबाचं धरायचं, कुटुंबातल्या माणसांच्या संख्येनुसार. हड दर वर्षी प्रत्येक भागासाठी नवा तक्ता काढतं. मागच्या वर्षीचा तक्ता वापरून भरलेले फॉर्म मी पाहिले आहेत, ते सगळे पुन्हा भरावे लागले.

आम्ही दुसऱ्या वेळी एक अर्ध्या पानाचं कार्ड केलं. वर कुटुंबात किती माणसं. खाली तक्त्यातल्या रकमा, त्यांपैकी एकावर खूण. शेवटी "ही माहिती खरी आहे" म्हणून सही. इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये छापलं. रिसेप्शनवरच्या बाईंनी एक चांगली गोष्ट सुचवली: कार्ड काउंटरवर भरायला लावू नका, क्लिपबोर्ड देऊन कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसू द्या. मागे रांग उभी असताना कोणी आपलं उत्पन्न खरं लिहीत नाही. त्यानंतर कोरी येणारी कार्डं जवळजवळ थांबली. मेडिकेडसारख्या, कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी आरोग्यविमा योजनेत बसणाऱ्यांसाठी त्या योजनेचा पुरावा अनेकदा चालतो, कारण तिची उत्पन्नमर्यादा याहून कडक असते. पण तो चालेल असं सिटीकडून लेखी घ्या.

सावधान: हे कार्ड म्हणजे आरोग्याची नोंद नाही, पण त्यावर नाव आलं की "ही व्यक्ती इथे उपचार घेते" हे उघड होतं. पेशंटच्या माहितीच्या गोपनीयतेचा हिपा कायदा आहेच. व्यसनमुक्तीच्या सेवेला त्याहून कडक असा ४२ सीएफआर पार्ट २ हा फेडरल नियम लागतो, आणि त्यात माणूस तिथे येतो एवढी माहितीसुद्धा संरक्षित आहे. सिटीचा अधिकारी तपासणीला येतो तेव्हा तो "क्लायंटच्या फाइल दाखवा" असं सहज म्हणून जातो. दाखवू नका. कार्डावर नावाऐवजी कोड क्रमांक ठेवा. कोड आणि नाव जुळवणारी यादी क्लिनिकच्या कपाटात, वेगळ्या कुलपात. कोड असलेल्या नोंदींवर तपासणी कशी होईल, हे सिटीबरोबर करारापूर्वीच ठरवून घ्या. आपल्या दारात विश्वासाने आलेल्या माणसाचं नाव ग्रँटच्या फाइलमध्ये जाता कामा नये, याबाबत मी जराही तडजोड करत नाही.

टप्पा ३: कामाची व्याप्ती आणि खरं अंदाजपत्रक

छप्पर, वायरिंग, प्लंबिंग, हीटिंग-कूलिंग, भिंती, स्प्रिंकलर, लिफ्ट, अपंगस्नेही बाथरूम हे बसतं. सुटं फर्निचर, कॉम्प्युटर, पगार आणि नेहमीची डागडुजी या निधीतून सहसा बसत नाही. खुर्च्या आणि टेबलं देणगीतून घ्या, अर्जात घालू नका.

एडीए, म्हणजे अपंगांच्या हक्कांच्या फेडरल कायद्याचा एक नियम बऱ्याच जणांना माहीत नसतो. ज्या खोल्यांत सेंटरचं मुख्य काम चालतं त्या तुम्ही बदलल्या, की तिथवर जाणारी वाट, दार, बाथरूमसुद्धा अपंगांना वापरता येईल असं करावं लागतं, मूळ बदलाच्या खर्चाच्या २० टक्क्यांपर्यंत. म्हणजे समुपदेशनाच्या खोल्यांवर एक लाख डॉलर धरले, तर वाट आणि बाथरूमसाठी वीस हजारांपर्यंत वेगळे धरून ठेवा. दार उघडल्यावर निदान ३२ इंच मोकळी जागा, व्हीलचेअर वळायला ६० इंचांचं वर्तुळ, रॅम्पचा चढ एकास बारा. ही मापं आर्किटेक्टला पाठ असतात, पण तुम्हीही टेप घेऊन एकदा फिरा.

या प्रकारच्या सेंटरची म्हणून एक वेगळी गरज असते, ती सर्वसाधारण कॉन्ट्रॅक्टरला सुचत नाही. आमच्या जुन्या इमारतीत समुपदेशनाच्या खोल्यांमधल्या भिंती वरच्या टांगत्या सीलिंगपाशी संपत होत्या. टाइल्सच्या वर सगळीकडे एकच पोकळी. एका संध्याकाळी मी वेटिंग रूममध्ये बसले असताना पलीकडच्या खोलीत एक बाई आपल्या मुलाबद्दल रडत बोलत होत्या, आणि मला शब्द न् शब्द ऐकू येत होता. समोर बसलेला तरुण जमिनीकडे बघत होता. पुढची पाळी त्याची होती. त्यानंतर आम्ही स्कोपमध्ये पहिली ओळ लिहिली: सगळ्या समुपदेशन खोल्यांच्या भिंती वरच्या स्लॅबपर्यंत नेणे, आत ध्वनिरोधक भरणे, दारांना खालून सील. रंग, कार्पेट, पुढची पाटी हे सगळं त्यानंतर. खोलीची मांडणी करताना समुपदेशकाला आणि येणाऱ्याला, दोघांनाही दारापर्यंत अडथळा न येता जाता यावं हेही बघा. रात्रभर माणसं राहणार असतील, तर बाथरूममधले नळ, हुक, पडद्याचे दांडे असे हवेत की त्यांना काही बांधून कोणी स्वतःला इजा करू शकणार नाही. ते महाग असतात, सुरुवातीलाच धरा.

अंदाजपत्रक करणाऱ्याला पहिल्याच भेटीत सांगा: हे डेव्हिस-बेकनच्या, म्हणजे फेडरल पैशातल्या बांधकामासाठी कायद्याने ठरलेल्या मजुरीदराने करा. हे न सांगता घेतलेलं कोटेशन टेंडरच्या दिवशी कोसळतं. अनपेक्षित खर्चासाठी जुन्या इमारतीत १० ते १५ टक्के वेगळे ठेवा. आर्किटेक्ट, परवाने, विमा, मजुरीच्या कागदांची तपासणी हेही मोजा.

तपासा: इमारतीचा आकार किंवा क्षमता २० टक्क्यांपेक्षा जास्त बदलते का? वापराचा प्रकार बदलतो का? दोन्हींचं उत्तर "नाही" असेल तर पाचव्या टप्प्यातला एन्व्हायर्नमेंटल (पर्यावरणविषयक) रिव्ह्यू बहुधा हलक्या प्रकारात बसतो. मागे एक जास्तीची खोली बांधण्याच्या मोहापायी ही मर्यादा ओलांडू नका.

टप्पा ४: अर्ज आणि सिटीचं कॅलेंडर

सिटी दर काही वर्षांनी कन्सॉलिडेटेड प्लॅन आणि दर वर्षी ॲक्शन प्लॅन करते. बऱ्याच ठिकाणी वर्ष १ जुलैला सुरू होतं, त्यामुळे अर्ज हिवाळ्यात मागवतात. मग जाहीर सुनावणी, ३० दिवस लोकांच्या सूचना, कौन्सिलचं मतदान, आणि योजना हडकडे. कन्सॉलिडेटेड प्लॅनमध्ये तुमच्या प्रकारच्या सुविधेला प्राधान्य दिलेलं आहे का ते शोधा आणि ते वाक्य अर्जात उद्धृत करा.

अर्जात काय भाव खाऊन जातं? तयारी. सिटीवर हडची एक कसोटी असते: कार्यक्रमवर्ष संपण्याच्या ६० दिवस आधी तिच्याकडे न खर्चलेली रक्कम वर्षाच्या ग्रँटच्या दीडपटीहून जास्त नसावी. त्यामुळे कर्मचाऱ्यांना अशी संस्था हवी असते जी पैसा वेळेत आणि नीट खर्च करेल. करुण कहाणीची चार पानं लिहिण्यापेक्षा आराखडे, ॲस्बेस्टॉसचा अहवाल, ताबा सिद्ध करणारे कागद आणि महिनावार वेळापत्रक जोडा.

सुनावणीला या, बोला, पण क्लायंटना साक्षीदार म्हणून पुढे करू नका. ती सभा रेकॉर्ड होते.

सावधान: कौन्सिलचं मतदान म्हणजे खर्चाची परवानगी नव्हे. अभिनंदनाचं पत्र म्हणजेही नव्हे. पुढचा टप्पा त्यासाठीच आहे.

टप्पा ५: एन्व्हायर्नमेंटल रिव्ह्यू होईपर्यंत हात बांधून बसणं

माझी पहिली वेळ. निधी मंजूर झाला, पत्र आलं, सगळे खूश. वेटिंग रूमचं कार्पेट कुजलं होतं आणि मागची एक पार्टिशनची भिंत नाहीतरी पाडायचीच होती. एका देणगीदाराने पैसे दिले आणि आम्ही एका शनिवारी ती भिंत पाडून टाकली. ग्रँटचा एक डॉलरही वापरला नव्हता, म्हणून काळजीच वाटली नाही. सोमवारी सिटीच्या बाई नकाशा घेऊन पाहणीला आल्या. मोकळ्या जागेकडे बघून त्यांनी शांतपणे विचारलं, "ही भिंत कधी काढली?" मी तारीख सांगितली. त्यांनी वही मिटली. त्या वर्षीचा निधी दुसऱ्या प्रकल्पाला गेला.

नियम असा: फेडरल निधीसाठी अर्ज केल्यानंतर, रिव्ह्यू पूर्ण होऊन सिटीकडून लेखी हिरवा कंदील मिळेपर्यंत, प्रकल्पाशी संबंधित कोणीही असं काही करायचं नाही ज्यामुळे पुढचे पर्याय बंद होतात. पाडकाम नाही, बांधकाम नाही, कॉन्ट्रॅक्टरशी करार नाही, जागेची खरेदी नाही. स्वतःच्या पैशानेही नाही. अर्ज करताना काम आधीच चालू असेल तर ते थांबवायचं. कारण साधं आहे: इमारत ऐतिहासिक असेल, पूररेषेत असेल, आत ॲस्बेस्टॉस असेल, तर "काम करावं का आणि कसं" हा प्रश्न मोकळा राहायला हवा.

रिव्ह्यू तुम्ही करत नाही, सिटी करते. तुम्ही तिला माहिती पुरवता: इमारतीचं वय, फोटो चारही बाजूंनी, नेमकं कुठे काय बदलणार, आधी त्या जागी काय होतं. पेट्रोल पंप किंवा ड्रायक्लीनर होता का, हे शेजारच्या जुन्या दुकानदारांना विचारा. ऐतिहासिक वारशाचं राज्य कार्यालय ३० दिवस घेऊ शकतं. जाहीर सूचना काढावी लागली तर वर्तमानपत्रातून दिलेल्या सूचनेचे निदान सात दिवस, आणि त्यानंतर हडचे १५ दिवस हरकतींसाठी. साध्या नूतनीकरणात कधीकधी सूचनेची गरजच पडत नाही, पण ते सिटी ठरवेल. हे सगळं धरून वेळापत्रकात निदान तीन-चार महिने सोडा.

आणि रिव्ह्यूला पाठवलेली व्याप्ती नंतर बदलू नका. खिडक्या अर्जात नव्हत्या आणि मध्येच घातल्या, तर रिव्ह्यू पुन्हा उघडावा लागू शकतो.

तपासा: हिरवा कंदील ईमेलवर, तारखेसह, फाइलमध्ये आहे? फोनवर "हो, झालं वाटतं" असं कोणी म्हटलं असेल तर ते झालेलं नाही.

टप्पा ६: सिटीबरोबरचा करार

करार येतो तेव्हा सगळे थकलेले असतात आणि न वाचता सही होते. निदान चार गोष्टी वाचा: पैसे कसे मिळणार, जागेवर किती वर्षांचं बंधन, मुदतवाढीची अट, आणि विम्यात सिटीचं नाव घालावं लागतं का.

पैसे बहुधा परतफेडीच्या पद्धतीने मिळतात. आधी तुम्ही काम करून घ्यायचं, बिल आणि पुरावे द्यायचे, मग सिटी देणार. मध्ये महिना-दीड महिना सहज जातो. कॉन्ट्रॅक्टर तेवढा थांबत नाही. म्हणून बँकेकडून लाइन ऑफ क्रेडिट सहीच्या आधी घ्या. पगाराच्या खात्यातून भागवू म्हणाल, तर समुपदेशकांचे पगार अडकतील.

टप्पा ७: टेंडर

ओळखीच्या कॉन्ट्रॅक्टरला काम देणं हा आपल्याकडचा स्वभावच. "आपला माणूस आहे, स्वस्तात करेल." इथे ते चालत नाही. टेंडर जाहीर करा, सर्वांना एकच कागद द्या, बंद पाकिटं ठरलेल्या वेळी उघडा, किती जणांनी भरलं आणि कोणाला का दिलं हे लिहून ठेवा. बोर्डाच्या सदस्याला किंवा त्याच्या नातेवाइकाला त्या कामातून फायदा होता कामा नये. पद सोडल्यानंतरही एक वर्ष हे बंधन राहतं. ज्याने स्पेसिफिकेशन लिहिली त्याने टेंडर भरायचं नाही. "खर्च अधिक खर्चाच्या दहा टक्के" अशा पद्धतीचा करार फेडरल पैशात सरळ निषिद्ध आहे.

टेंडरच्या कागदांत मजुरीदराचा तक्ता जोडलेला हवा. तो सॅम डॉट गव्हवरून मिळतो, आणि पाकिटं उघडण्याच्या १० दिवस आधी बदलला आहे का ते पुन्हा बघायचं. पाकिटं उघडल्यापासून ९० दिवसांत करार झाला नाही, तर तक्ता पुन्हा तपासावा लागतो. प्रकल्पात हडचा निधी २,००,००० डॉलरपेक्षा जास्त असेल तर सेक्शन ३ लागू होतं: कमी उत्पन्नाच्या कामगारांना कामाच्या तासांत २५ टक्के वाटा देण्याचं उद्दिष्ट. लोखंड, पोलाद आणि बांधकामाचं साहित्य अमेरिकेत बनलेलं हवं, अशी अटही काही प्रकल्पांना लागते. तुमच्या प्रकल्पाला लागते का, हे सिटीकडून टेंडर काढण्यापूर्वी लेखी घ्या, कारण एअर हँडलर (हीटिंग-कूलिंगचं यंत्र) मागवून झाल्यावर विचारणं म्हणजे वरातीमागून घोडं.

तपासा: निवडलेल्या कॉन्ट्रॅक्टरचं आणि प्रत्येक सब-कॉन्ट्रॅक्टरचं नाव फेडरल बंदीच्या यादीत नाही, याचा प्रिंटआउट तारखेसह काढला?

टप्पा ८: काम चालू असताना

बांधकामाचा करार २,००० डॉलरपेक्षा जास्त असला की डेव्हिस-बेकन लागू. एवढ्या कमी रकमेत काय बसणार, म्हणजे जवळजवळ सगळ्यांनाच. प्रत्येक मजुराला त्याच्या कामाच्या वर्गातला ठरलेला दर, दर आठवड्याला पगार, आणि दर आठवड्याचा प्रमाणित पगारपट. त्यासाठी डब्ल्यूएच-३४७ हा तयार फॉर्म आहे.

पगारपट आला की तो त्याच आठवड्यात तपासा. मी पेन्सिल घेऊन बसायचे आणि तीन गोष्टी बघायचे. वर्ग बरोबर आहे का: दिवसभर वायर ओढणाऱ्याला "लेबरर" दाखवलं असेल तर तो इलेक्ट्रिशियनच्या दराचा हक्कदार आहे. ॲप्रेंटिस म्हणून कमी पगार दिला असेल, तर त्याच्या नोंदणीचा कागद जोडला आहे का. आणि पगारपटातली माणसं त्या दिवशी जागेवर खरोखर होती का. त्यासाठी साइटवर एक साधी सही-वही ठेवली होती. सहा महिन्यांनी चूक सापडली तर फरक द्यायला ती माणसं शोधत फिरावं लागतं, तोवर कोणी दुसऱ्या राज्यात गेलेलं असतं. हा कागदी छळ आहे असं समजू नका. ज्याने आपली भिंत उभी केली त्याचे पैसे त्याला मिळालेत की नाही, एवढंच आपण बघतो आहोत.

मराठी मंडळातले स्वयंसेवक रंगकामाला यायला तयार असतात. खऱ्या स्वयंसेवकांना हा मजुरीदर लागत नाही, पण आधी सिटीला कळवा, नावं आणि तास लिहून ठेवा, आणि त्यातला कोणी याच कामावर पगारी नसावा. लेकाचा मित्र सकाळी कॉन्ट्रॅक्टरकडे पगारावर आणि संध्याकाळी आपल्याकडे "सेवेला", असं नको.

सेंटर चालू ठेवून काम करणार असाल तर धूळ आणि आवाजाचं वेळापत्रक समुपदेशकांबरोबर बसून करा. ड्रिलच्या आवाजात कोणी मनातलं बोलत नाही, आणि आघातातून गेलेल्या माणसाला तो आवाज नुसता त्रासदायक नसतो. आम्ही तोडफोड सकाळी सात ते दहा ठेवली, पहिली अपॉइंटमेंट साडेदहाची. कामगारांना वेगळं दार दिलं आणि पहिल्या दिवशी पाच मिनिटं समजावलं: इथे कोण येतं ते बाहेर बोलायचं नाही, फोटो काढायचे नाहीत.

सावधान: कामातला कुठलाही बदल तोंडी मान्य करू नका. लेखी चेंज ऑर्डर, किंमत का योग्य आहे याची नोंद, सिटीची संमती, मगच काम.

टप्पा ९: बिलं

प्रत्येक मागणीसोबत कॉन्ट्रॅक्टरचं बिल, आर्किटेक्टची सही, फोटो, त्या काळातले पगारपट आणि लीन वेव्हर, म्हणजे पैसे मिळाले, आता इमारतीवर हक्क सांगणार नाही असं कॉन्ट्रॅक्टरचं पत्र. एक कागद कमी असला की सगळा गठ्ठा परत येतो. कॉन्ट्रॅक्टरच्या बिलातून पाच-दहा टक्के रक्कम शेवटपर्यंत रोखून ठेवा, आणि यादीतलं शेवटचं काम संपून वापराचं प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय ती सोडू नका.

संस्थेचा वर्षभराचा एकूण फेडरल खर्च १० लाख डॉलर किंवा त्याहून जास्त झाला तर सिंगल ऑडिट, म्हणजे फेडरल पैशाचं खास ऑडिट करावं लागतं. १ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झालेल्या आर्थिक वर्षांना ही मर्यादा आहे, आधी ती साडेसात लाख होती. इतर फेडरल ग्रँटही यात मिळवा. ऑडिटरला हे वर्षाच्या सुरुवातीला सांगा.

टप्पा १०: काम संपल्यानंतरची वर्षं

रिबन कापली की बिल्डिंग कमिटी पांगते. पण ५१ टक्क्यांचा पुरावा खरा इथून सुरू होतो. नव्या जागेत आलेल्या लोकांची कार्डं गोळा होत राहिली पाहिजेत, आणि सिटीला उत्पन्न व वंशगटानुसार आकडे, नावांशिवाय, द्यावे लागतात.

जागेचं बंधनही लक्षात ठेवा. मुदतीत इमारत विकली किंवा दुसऱ्याच कामाला दिली, तर सिटीला परत द्यायची रक्कम मूळ ग्रँटएवढी नसते. ती त्या वेळच्या बाजारभावातला सीडीबीजीचा वाटा असते. भाव वाढलेले असतील तर घेतले त्याहून बरेच जास्त द्यावे लागतात. बोर्ड बदलतं, खजिनदार बदलतो, आणि चार वर्षांनी कोणीतरी चांगल्या हेतूने विक्रीचा ठराव मांडतं.

आम्ही करार संपण्याची तारीख आणि त्यापुढची पाच वर्षं एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून डीडच्या फाइलमध्ये पहिलं पान म्हणून लावली. तीच तारीख बोर्डाच्या वार्षिक सभेच्या कार्यक्रमपत्रिकेत कायमची एक ओळ म्हणून घातली. दर जानेवारीत ती वाचली जाते, आणि सचिव इतिवृत्तात नोंद करतात.